जॅकच्या उड्या कागदावरच्या: हॅमरस्मिथ ते लिव्हरपूल, सहा दिवस

स्प्रिंग-हील्ड जॅक म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडच्या अफवांमधला, टाचांना स्प्रिंग लावून उड्या मारणारा म्हणे, असा हल्लेखोर. त्याच्या मागावर निघायचं तर नकाशाआधी तारखांचा क्रम हातात हवा. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात. लिव्हरपूलच्या छपरांवरून उड्या मारणाऱ्या जॅकची गोष्ट आधी वाचतात आणि मग लंडनमध्ये येऊन तोच शोधत बसतात. तो तिथे सापडत नाही. 1838 च्या लंडनमधल्या ज्या दोन जबान्या सगळ्यात भक्कम आहेत, त्या दोन्हींत हा इसम एकदाही उडी मारत नाही. उड्या पुढे आल्या, वर्तमानपत्रांतून, नाटकांतून आणि पेनीला मिळणाऱ्या रोमांचक कथांच्या पुस्तिकांतून. म्हणून प्रवास सनावळीने करावा: 1804, 1838, 1873, 1877, 1904. एका दिवशी फक्त गाडीच्या सोयीसाठी हा क्रम मोडावा लागतो.

मोसम जानेवारी-फेब्रुवारीचा. थंडी असते, पण मूळ घटनाही त्याच दिवसांतल्या. जानेवारीच्या सुरुवातीला लंडनमध्ये चारच्या सुमारास सूर्य मावळतो, फेब्रुवारीअखेर साडेपाचच्या पुढे. 1838 चे दोन्ही हल्ले रात्री साडेआठ-पावणेनऊचे, त्यामुळे अंधाराची वाट पाहत रात्र जागवावी लागत नाही. बूट पाणी न शिरणारे घ्या. शहरातल्या प्रवासाला कॉन्टॅक्टलेस कार्ड पुरतं, फक्त दिवसभर तेच एक कार्ड वापरायचं. सकाळी कार्ड आणि संध्याकाळी फोन टेकवला तर यंत्रणा ते दोन वेगळे प्रवासी धरते आणि दिवसाच्या कमाल भाड्याची सवलत हातची जाते.

दिवस पहिला: हॅमरस्मिथ आणि बार्न्स

सुरुवात जॅकच्या जन्माआधीपासून. भुयारी रेल्वेच्या डिस्ट्रिक्ट लाइनने स्टॅमफर्ड ब्रूक किंवा रेव्हन्सकोर्ट पार्कला उतरून ब्लॅक लायन लेन गाठायची. ग्रेट वेस्ट रोड या महामार्गाने ही गल्ली मधोमध कापली आहे. वरून ओलांडायला जाऊ नका, खालून भुयारी वाट आहे. पलीकडे नदीजवळ ब्लॅक लायन हा पब लागतो.

1803 च्या अखेरीस या भागात पांढऱ्या भुताची आवई उठली होती. 3 जानेवारी 1804 च्या रात्री फ्रान्सिस स्मिथ नावाचा माणूस बंदूक घेऊन पहाऱ्याला निघाला आणि समोरून येणाऱ्या पांढऱ्या आकृतीवर त्याने गोळी झाडली. ती आकृती म्हणजे थॉमस मिलवुड हा गवंडी. त्याच्या अंगावर धंद्याचे पांढरे कपडे होते, इतकाच त्याचा गुन्हा. प्रेत याच पबमध्ये आणलं गेलं. ओल्ड बेली या फौजदारी न्यायालयात स्मिथला फाशीची शिक्षा झाली, ती पुढे वर्षभराच्या सक्तमजुरीवर आली. त्यानंतर जॉन ग्रॅहम नावाच्या वयस्क चांभाराने कबूल केलं की भूत आपणच. दुकानातल्या उमेदवार पोरांना घाबरवायला चादर पांघरत होतो. चुकीच्या पण प्रामाणिक समजुतीने केलेला बळाचा वापर गुन्हा ठरतो का, हा खटल्यातून उरलेला प्रश्न इंग्लंडच्या न्यायालयात नीट सुटला तो 1984 साली.

ही गल्ली वगळून थेट जॅककडे जाऊ नये. चादर, पहारा, बंदूक, गर्दी आणि शेवटी भलत्याचाच बळी हा सगळा साचा इथे तयार मिळतो. मे 2001 मध्ये दिल्लीत ‘मंकी मॅन’ची हूल उठली, तेव्हा गच्चीवर झोपलेले लोक घाबरून खाली उड्या टाकत होते. ते आठवलं की हा साचा किती टिकाऊ आहे ते कळतं.

पबपासून नदीकाठाने पूर्वेकडे चालत हॅमरस्मिथ पुलापर्यंत यायचं. हा पूल 2019 पासून मोटारींना बंद आहे, पण पायी ओलांडता येतो. बसच्या भरवशावर राहाल तर अडकाल. सध्याचा पूल 1887 चा. जॅकच्या काळात त्या जागी 1827 चा आधीचा झुलता पूल होता. निघण्याआधी भरतीची वेळ बघून ठेवा. मोठ्या भरतीला या पट्ट्यातल्या काठच्या रस्त्यांवर पाणी चढतं, आणि दक्षिण काठाची वाट एरवीही चिखलाचीच.

पुलापलीकडे कॅसलनो हा सरळ रस्ता बार्न्सकडे नेतो. जानेवारी 1838 मध्ये वर्तमानपत्रांनी मागच्या काही महिन्यांच्या अफवांची यादी छापली, तिची सुरुवात बार्न्सपासून होते. इथे म्हणे तो पांढरा बैल होऊन आला. शेजारच्या ईस्ट शीनमध्ये पांढरं अस्वल झाला. पुढे रिचमंड, किंग्स्टन, हॅम्प्टन, ट्विकनम अशी गावं येतात आणि कुठेतरी बैलाच्या जागी चिलखत घातलेला माणूस येतो. नकाशावर ही गावं जोडली की लंडनच्या पश्चिमेला एक अर्धवर्तुळ तयार होतं. त्या काळी ही सगळी शहराबाहेरची खेडी. रात्री दिवा नाही, मधे माळरान. बार्न्स कॉमन आजही बऱ्यापैकी तसं आहे, फक्त मधोमध 1846 सालचं रेल्वे स्टेशन उभं आहे. त्याच स्टेशनवरून वॉटर्लूची गाडी मिळते.

दिवस दुसरा: मॅन्शन हाऊस, पेकम आणि दुसरीकडचं लॅम्बेथ

आज दोन नावं फसवतात. लॉर्ड मेयरच्या मॅन्शन हाऊस या निवासस्थानी जायचं तर मॅन्शन हाऊस स्टेशनवर उतरायचं नाही, बँक स्टेशनवर उतरायचं. बाहेर पडलं की खांबांची इमारत समोरच. आत फक्त मार्गदर्शित फेरीतूनच जाता येतं, म्हणून तारीख आधी बघून घ्यावी.

8 जानेवारी 1838 रोजी लॉर्ड मेयर सर जॉन काउवन यांनी इथल्या जाहीर बैठकीत एक निनावी पत्र वाचलं. खाली सही ‘पेकमचा रहिवासी’ एवढीच. पत्रातला आरोप असा की वरच्या वर्गातल्या काही लोकांनी आपल्या एका मित्राशी पैज लावली आहे: भूत, अस्वल आणि सैतान अशा तीन सोंगांत त्याने लंडनभोवतीच्या गावांत फिरून दाखवायचं. या उपद्व्यापात सात स्त्रियांचं डोकं फिरलं, असंही त्यात म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी टाइम्सने ते छापलं आणि तिथून ही गोष्ट राष्ट्रीय झाली. काउवन यांनी पत्र दाबून ठेवलं असतं तर बार्न्सचा बैल बार्न्समध्येच विरला असता, असं म्हणायला जागा आहे. पत्र बाहेर येताच अशाच तक्रारींची आणखी पत्रं ठिकठिकाणाहून येऊ लागली.

दुपारी पेकम राय. लंडन ब्रिजवरून गाडी आहे, वेळ फार लागत नाही. पत्रलेखक कोण ते कधी उघड झालं नाही, त्यामुळे इथे बघण्याजोगं घर नाही. 1872 मध्ये याच भागात ‘पेकमचं भूत’ उठलं आणि वर्तमानपत्राने लगेच त्याची तुलना मागच्या पिढीच्या जॅकशी केली. चौतीस वर्षांत तो दाखला देण्याइतका जुना झाला होता. राय लेनवर पश्चिम आफ्रिकी दुकानांची रांग आहे. तिथे जेवून उत्तरेला परतावं.

दुसरं फसवं नाव लॅम्बेथ. ज्या लॅम्बेथ स्ट्रीट पोलीस कचेरीत 1838 च्या हल्ल्यांची चौकशी झाली ती नदीच्या दक्षिणेला असलेल्या लॅम्बेथमध्ये नाही. ती व्हाइटचॅपलमध्ये, लेमन स्ट्रीटच्या परिसरात होती. इंटरनेटवरच्या कित्येक नकाशांवर खूण चुकीच्या काठावर टोचलेली दिसेल. ऑल्डगेट ईस्टला उतरून दक्षिणेकडे चालत गेलं की झालं. कचेरी राहिलेली नाही. तरी इथे यायचं ते अंतर पायांना कळावं म्हणून: उद्या बघायची दोन्ही ठिकाणं इथून पूर्वेला आहेत, आणि फिर्यादींना जबानी द्यायला इथवर यावं लागत होतं.

हातात वेळ असेल तर सेंट पँक्रसजवळच्या ब्रिटिश लायब्ररीत त्या वेळची वर्तमानपत्रं वाचावीत. वाचक कार्डासाठी ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा लागतो. कोणती कागदपत्रं चालतात ते भारतातून निघतानाच पाहून ठेवा. जुन्या वर्तमानपत्रांच्या डिजिटल शोधात एक अडचण हमखास येते. त्या काळच्या पुसट छपाईतून यंत्राने अक्षरं चुकीची उचललेली असतात, आणि मुळात नावही एकसारखं नव्हतं. कुठे स्प्रिंग जॅक, कुठे स्टील जॅक. नावाने शोधाल तर निम्मं हाती लागेल. ‘ओल्ड फोर्ड’, ‘लाइमहाउस’ अशी गावं टाकून जानेवारी ते एप्रिल 1838 एवढीच मुदत घालावी.

दिवस तिसरा: बो, ओल्ड फोर्ड, लाइमहाउस

सगळ्या प्रवासात सर्वांत जास्त वेळ इथे द्यावा. माइल एंड स्टेशनवरून ट्रेडेगर स्क्वेअरमार्गे मॉर्गन स्ट्रीटला या. तिथला मॉर्गन आर्म्स हा पब लक्षात ठेवा, परत यायचं आहे. पुढे कोबर्न रोडने उत्तरेला रेल्वेपुलाखालून रोमन रोडच्या दिशेने. पहिला हल्ला जिच्यावर झाला ती जेन अल्सप ज्या बेअरबाइंडर लेनमध्ये राहत होती ते नाव आता नकाशावर नाही. फोनवर शोधत बसू नका. रोमन रोड, कोबर्न रोड आणि फेअरफील्ड रोड यांच्यामधला पट्टा पायी फिरणं एवढंच हाती आहे. वरून जाणारी रेल्वे 1839 साली सुरू झाली, म्हणजे हल्ल्याच्या पुढच्या वर्षी. त्याआधी इथे शेतं, एकटीदुकटी घरं आणि फाटकं होती.

आता जबानी. फेब्रुवारी 1838 चा तिसरा आठवडा, रात्रीचे पावणेनऊ. फाटकावरची घंटा जोरजोरात वाजते. अठरा वर्षांची जेन दार उघडते. बाहेरचा माणूस सांगतो, मी पोलीस आहे, देवासाठी दिवा आणा, गल्लीत स्प्रिंग-हील्ड जॅकला पकडलंय. ती आतून पेटती मेणबत्ती आणून त्याच्या हातात देते. तो वरचा झगा फेकतो, मेणबत्ती छातीशी धरतो आणि तोंडातून निळी-पांढरी ज्वाळा ओकतो. डोक्यावर मोठं शिरस्त्राण, अंगाला घट्ट बसलेलं पांढरं मेणकापडासारखं वस्त्र, डोळे लाल निखाऱ्यांसारखे. धातूच्या वाटणाऱ्या नख्यांनी तो तिचा झगा फाडतो, मान आणि दंड ओरबाडतो, केस उपटतो. बहीण तिला ओढून आत घेते. दार लागल्यावरही तो ठोकतच राहतो, घरचे वरच्या खिडकीतून पोलिसांच्या नावाने ओरडेपर्यंत. पळताना त्याने टाकलेला झगा नंतर सापडला नाही. कोणीतरी तो उचलला असणार, म्हणजे सोबत साथीदार होता, असा घरच्यांचा तर्क.

ही जबानी जागेवर उभं राहून वाचताना मेणबत्तीकडे लक्ष ठेवा. आग त्याने आणलीच नाही, जेनने दिली. तोंडात तीव्र मद्यार्क धरायचा आणि ज्योतीवरून फवारा मारायचा, ही जत्रेतल्या खेळाडूंची जुनी युक्ती. मद्यार्काची ज्वाळा निळी दिसते आणि क्षणभरच टिकते. हे घरी करून बघू नये; फवारा बारीक पडला नाही किंवा वारा उलटा फिरला तर थेंब हनुवटीवर आणि छातीवर पेटतात, आणि ज्वाळा मागे तोंडाकडेही येते. अंगावर मेणकापड आणि डोक्यावर शिरस्त्राण यांचा एक अर्थ तिथे लागतो. अर्थात हा अंदाज आहे, पुरावा नव्हे. पण दिवा मागण्याची थाप कशासाठी होती, याचं दुसरं समाधानकारक उत्तर अजून वाचनात नाही. पोलिसाचं नाव घेणंही विचारपूर्वकच असावं. लंडनचं नवं पोलीस दल 1829 चं, तोवर लोकांच्या सवयीचं झालेलं.

आता मॉर्गन आर्म्स. तपास जेम्स ली या अधिकाऱ्याकडे होता, त्या काळी गाजलेल्या ‘रेड बार्न’ खुनातल्या विल्यम कॉर्डरला पकडणारा तोच. थॉमस मिलबँक नावाच्या माणसाने याच पबात फुशारकी मारली की मीच तो जॅक. ग्रेटकोट आणि पांढरे ओव्हरऑल या त्याच्या वेशासकट त्याला लॅम्बेथ स्ट्रीटला उभं केलं. टाकलेली मेणबत्तीही मिळाली होती. तरी तो सुटला, कारण जेन ज्वाळेच्या मुद्द्यावरून हटेना आणि मिलबँक म्हणाला, मला काही आग ओकता येत नाही. मिलबँक खरंच जॅक होता का, यावर वाद घालायला हा पब उत्तम. स्वयंपाकघर दुपारी काही वेळ बंद असू शकतं, आधी विचारा.

लाइमहाउसला बसने जाण्यापेक्षा रीजंट्स कालव्याच्या काठाने चालत जावं. कालवा 1820 चा, म्हणजे जॅकच्या काळातलाच. माइल एंड रोडवरून खाली उतरायचं आणि दक्षिणेला लाइमहाउस बेसिनपर्यंत, सुमारे दोन किलोमीटर. सायकलवाले मागून घंटी न वाजवता येतात. पुलाखालच्या अरुंद वाटेवर भिंतीकडेने चाला.

28 फेब्रुवारीला रात्री साडेआठच्या सुमारास लूसी स्केल्स ही अठरा वर्षांची मुलगी बहिणीबरोबर भावाच्या घरून परतत होती. भाऊ खाटीक, घर नॅरो स्ट्रीटवर. ग्रीन ड्रॅगन ॲलीत झगा घातलेला एक माणूस उभा होता. लूसी पुढे होती. तो तिच्या तोंडावर निळी ज्वाळा फेकतो, ती कोसळते, तिला झटके येऊ लागतात. त्याच्याकडे पोलिसांकडे असतो तसा भिंगाचा कंदील होता, असं जबानीत आहे. म्हणजे इथेही ज्योत हाताशी! आणि पुढचं वाक्य सगळ्या दंतकथेवर पाणी ओततं: काही न बोलता तो लगेच चालत निघून गेला. उडी नाही, छप्पर नाही. चालत.

ही गल्ली आता नाही. सेंट ॲन्स हे 1730 मध्ये समर्पित झालेलं चर्च, थ्री कोल्ट स्ट्रीट आणि नॅरो स्ट्रीट यांच्या आसपास फिरलं की त्या काळच्या रुंदीचा अंदाज येतो. कोकण-गोव्याकडच्या वाचकांसाठी एक गोष्ट. कंपनीच्या आणि पुढे आगबोटींच्या खलाशांत रत्नागिरीकडचे आणि गोव्याचे लोक पुष्कळ होते, आणि 1857 मध्ये आशियाई खलाशांसाठी निवारागृह उघडलं ते इथेच, वेस्ट इंडिया डॉक रोडवर.

जेकब्स आयलंड इथे 1845 मध्ये जॅकने मारिया डेव्हिस या मुलीला खाईत फेकून मारलं, ही गोष्ट जवळपास प्रत्येक मार्गदर्शक सांगतो. नदीपलीकडे त्यासाठी जायची गरज नाही. अभ्यासकांनी त्या मृत्यूची समकालीन नोंद शोधली, ती मिळालेली नाही.

दिवस चौथा: ऑल्डरशॉट

इथे सनावळ मोडते, कारण 1873 च्या शेफील्डपेक्षा 1877 चं ऑल्डरशॉट लंडनला जवळ. वॉटर्लूहून गाडी साधारण तासाभरात पोचते. लंडनचं ऑईस्टर हे प्रवासकार्ड इथे चालत नाही, वेगळं तिकीट काढा.

लष्करी छावणी 1854 ची. 1877 मध्ये रात्रीच्या पहारेकऱ्यांनी सांगितलं की एक आकृती अंधारातून येते, हटकलं तरी उत्तर देत नाही, शिपायाच्या थोबाडीत मारते आणि मोठमोठ्या ढांगा टाकत नाहीशी होते. गोळ्या झाडल्या, लागल्या नाहीत. शिपायाच्या बंदुकीत कोरं काडतूस होतं, असं एक मत आहे. नुसता इशाऱ्याचा बार होता, असं दुसरं. कुणीतरी अधिकारीच चावटपणा करत असावा ही शंका तेव्हापासूनची. नॉर्थ कॅम्पचं लष्करी संग्रहालय व्हिक्टोरियन काळातल्या वाचलेल्या बराकींत आहे, स्टेशनपासून लांब. बस किंवा टॅक्सी. आजूबाजूला लष्कराची हद्द आहे, कुंपणाशी फोटो काढत उभं राहू नका. गावात नेपाळी वस्ती मोठी, जेवायला मोमो.

पैजेच्या पत्रातला ‘वरच्या वर्गातला’ माणूस म्हणजे वॉटरफर्डचा तिसरा मार्क्विस, असं फार जण मानतात. 1837 मध्ये मेल्टन मोब्रे गावात दारूच्या नशेत लाल रंग फासणाऱ्या टोळीचा तो म्होरक्या, तेव्हा संशय स्वाभाविक. पण 1859 मध्ये तो घोड्यावरून पडून मेला. ऑल्डरशॉटच्या शिपायाला त्याने थोबाडीत मारणं अवघडच.

दिवस पाचवा: शेफील्ड, मग लिंकन

सेंट पँक्रसहून शेफील्ड दोन तासांच्या थोडं पुढे. तिकीट आठवडेभर आधी काढा, ऐनवेळचं भाडं डोळे पांढरे करतं. सामान हलकं ठेवा, कारण स्टेशनच्या मागच्या टेकडीवर चढायचं आहे. वर कॉलरा स्मारक आहे: 1832 च्या साथीत 402 माणसं गेली, त्यांच्यासाठी 1835 मध्ये उभारलेलं. 1873 च्या वसंतात या भागात ‘पार्कचं भूत’ आलं आणि लोकांनी त्याला जॅकचं नाव दिलं. गर्दी इतकी लोटली की भुतापेक्षा तीच आवरणं कठीण झालं. जागा सुबक निवडलेली: साथीतल्या प्रेतांची दफनभूमी, झाडी, आणि खाली गिरण्या-भट्ट्यांचं शहर.

दुपारच्या गाडीने लिंकन, सव्वा तास. स्टेशन खाली, न्यूपोर्ट आर्च वर, मधे स्टीप हिल. चाकांची बॅग खडबडीत फरशीवर हिसके देते, खालीच ठेवा. 1877 च्या नोव्हेंबरात इलस्ट्रेटेड पोलीस न्यूजने चित्र छापलं: मेंढीचं कातडं पांघरलेला जॅक या तिसऱ्या शतकातल्या रोमन कमानीवर, खाली बंदुका घेतलेले नागरिक. हे वृत्तपत्र भडक चित्रांसाठीच ओळखलं जायचं. कमानीची उंची डोळ्यांनी मोजा आणि टाचांत स्प्रिंग घालून त्यावर चढायचा विचार करा. स्प्रिंगने सरळ वर फेकलं तरी उतरतानाचा झटका घोट्यांनाच सोसावा लागतो; फरशीवर पहिल्याच उडीत घोटा मुरगळेल. कमानीखालून आजही वाहनं जातात, फोटोच्या नादात रस्त्यात उभं राहू नये. 1964 मध्ये इथे एका मालट्रकने कमानीचं बरंच नुकसान केलं, तेवढं जॅकला कधी जमलं नाही.

दिवस सहावा: लिव्हरपूल

लिंकनहून शेफील्डला बदलून लाइम स्ट्रीट. तिथून एव्हर्टनकडे पायी वीसेक मिनिटं: विल्यम हेन्री स्ट्रीट आणि जवळच सॅलिसबरी स्ट्रीटवरचं सेंट फ्रान्सिस झेव्हियर चर्च. 1888 मध्ये जॅक या चर्चच्या छपरावर दिसला असं सांगतात.

1904 च्या सप्टेंबरात दोन वेगळ्या बातम्या होत्या. एक, विल्यम हेन्री स्ट्रीटवरच्या एका घरात वस्तू आपोआप फेकल्या जातात; ते बघायला रस्ता भरून गर्दी. दुसरी काही दिवसांनी लंडनच्या एका साप्ताहिकात: एव्हर्टनमध्ये भूत आलंय, पकडायला गेलं की प्रचंड उड्या मारून निसटतं, म्हणून त्याला स्प्रिंग-हील्ड जॅक म्हणतात. स्थानिक बातमीत घर होतं, उड्या नव्हत्या. उड्या लंडनच्या छापखान्यात जोडल्या गेल्या. छपरांवर धावणारा एक मनोरुग्ण माणूस त्या भागात होता, अशी आठवण पुढे नोंदवली गेली. तीच या गोष्टीत मिसळली असावी.

विल्यम हेन्री स्ट्रीटची जुनी घरं गेली, तिथे आता नंतरची वस्ती आहे. लोक राहतात, खिडक्यांत कॅमेरे रोखू नका. चर्च मात्र आहे, आत जायचं तर प्रार्थनेच्या वेळा बघून. संध्याकाळी लाइम स्ट्रीटहून लंडनची गाडी सव्वादोन तासांच्या आसपास. रविवारी रुळांची कामं निघतात आणि मधल्या टप्प्यात बसमध्ये बसवतात, म्हणून हा दिवस शनिवारी किंवा आधी यावा असं वेळापत्रक मांडा.